विद्यार्थी सेवेतली कारकीर्द: अमेरिकेतला अभ्यासक्रम निवडताना

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे वर्गाबाहेरचे आयुष्य सांभाळणे हा स्वतंत्र पेशा आहे. तिथे त्याला ‘स्टुडंट अफेअर्स’ म्हणतात. मराठीत विद्यार्थी सेवा म्हणता येईल. वसतिगृहे चालवणे, नव्या मुलांचे ओरिएंटेशन, कोणते विषय कधी घ्यावेत याचा सल्ला, करिअर केंद्र, विद्यार्थी संघटना, शिस्तभंगाची प्रकरणे, अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी, परदेशी विद्यार्थ्यांचे कार्यालय अशी कितीतरी कामे त्यात येतात. आपल्याकडेही ही कामे होतात. वसतिगृहाला रेक्टर असतो, प्लेसमेंट सेल असतो, एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी असतो, विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ असते. फरक इतकाच, की आपल्याकडे ही माणसे बहुधा मुळात प्राध्यापक असतात आणि शिकवणे सांभाळून हा भार उचलतात. अमेरिकेत या कामासाठी वेगळी पदव्युत्तर पदवी आहे आणि पूर्णवेळच्या बऱ्याच जागांच्या जाहिरातींत ती मागितलेली असते.

हा पेशा घडायला शतकभर लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये लबॅरन रसेल ब्रिग्ज आणि शिकागो विद्यापीठात अ‍ॅलिस फ्रीमन पामर व मॅरियन टॅलबट हे विद्यार्थी-विद्यार्थिनींची देखभाल करणारे डीन झाले. मुलांच्या डीनांची पहिली परिषद १९१९ मध्ये भरली. तिच्यातून पुढे ‘नास्पा’ ही संघटना उभी राहिली. नोकरी मिळवून देणाऱ्या कार्यालयांतल्या मंडळींनी १९२४ मध्ये काढलेली संघटना आज ‘एसीपीए’ म्हणून ओळखली जाते. १९३७ मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने एक छोटी पुस्तिका काढून सांगितले, की महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या केवळ बुद्धीचा नव्हे, साऱ्या व्यक्तिमत्त्वाचा विचार करावा. तरीही महाविद्यालय म्हणजे मुलांचे दुसरे आईबाप ही समजूत कायम होती. १९६१ च्या ‘डिक्सन विरुद्ध अलाबामा’ निकालाने तिला तडा गेला. वंशभेदाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यांची बाजू न ऐकताच काढून टाकले होते. सरकारी महाविद्यालयाला असे करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढे १९६९ मध्ये आर्थर चिकरिंग यांनी तरुण वयातल्या जडणघडणीची मांडणी केली आणि १९८४ मध्ये अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी विद्यार्थ्याच्या सहभागाचा सिद्धांत मांडला.

हा इतिहास निवडीच्या वेळी उपयोगी पडतो, कारण समुपदेशन, प्रशासन व कायदा आणि विद्यार्थी-विकासाचा अभ्यास हे तीन थर आजच्या अभ्यासक्रमांतही दिसतात. प्रत्येक विद्यापीठ त्यांतल्या एकावर जास्त भर देते. पदवीच्या नावावरून मात्र तो भर नेहमी कळत नाही. कुठे ‘हायर एज्युकेशन अँड स्टुडंट अफेअर्स’ असते, कुठे ‘कॉलेज स्टुडंट पर्सोनेल’, कुठे ‘स्टुडंट अफेअर्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, कुठे ‘हायर एज्युकेशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’. पदवी एमए, एमएस किंवा एमएड यांपैकी काहीही असू शकते. एमए की एमएड याने नोकरीत सहसा फरक पडत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. वकिली किंवा नर्सिंगसारखा या पेशात परवाना लागत नाही, आणि विद्यार्थी सेवेच्या पदव्यांना मान्यता देणारी एकच एक संस्थाही नाही. त्यामुळे भक्कम अभ्यासक्रम आणि नुसत्या नावाचा अभ्यासक्रम शेजारी-शेजारी उभे असतात आणि माहितीपत्रकात दोघे सारखेच झळकतात. पारखायला एक माप हाताशी आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेली ‘कौन्सिल फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ स्टँडर्ड्स’, म्हणजे ‘कॅस’, ही संस्था या पदव्युत्तर शिक्षणासाठी मानके ठरवते. ती मान्यता देत नाही. विद्यापीठांनी स्वतःला तपासण्यासाठी ही मानके असतात. त्यांत पाया म्हणून इतिहास व तत्त्वज्ञान, मग विद्यार्थी-विकासाचे सिद्धांत, कायदा, प्रशासन, मूल्यमापन असे विषय, आणि देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम अपेक्षित असते. हे काम किमान ३०० तासांचे आणि किमान दोन वेगवेगळ्या अनुभवांचे असावे लागते. अर्जदाराने अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला सरळ विचारावे, की हा अभ्यासक्रम कॅसच्या मानकांना धरून आखला आहे का. ज्याचा आखलेला असतो त्याला उत्तर द्यायला वेळ लागत नाही.

पहिला फाटा समुपदेशनाचा आहे, आणि आपल्याकडचे विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. महाराष्ट्रात काउन्सेलिंग हा शब्द अ‍ॅडमिशनच्या मार्गदर्शनासाठी सर्रास वापरतात. अमेरिकेत विद्यापीठाच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार यांवर उपचार होतात. तिथे बसण्यासाठी राज्याचा परवाना मिळवून देणारी पदवी लागते. समुपदेशनाच्या पदव्यांना ‘केक्रेप’ ही संस्था मान्यता देते आणि त्यात महाविद्यालयीन समुपदेशन व विद्यार्थी सेवा अशी एक खास शाखाही आहे. तिच्या मानकांप्रमाणे ६० सेमिस्टर-क्रेडिटचा अभ्यास, १०० तासांचे प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप करावी लागते. काउन्सेलिंग सेंटरमध्ये मानसशास्त्राचे डॉक्टरेट झालेले आणि समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेले लोकही असतात.

ज्याला उपचारच करायचे आहेत त्याने समुपदेशनाची किंवा समाजकार्याची मान्यताप्राप्त पदवी घ्यावी. विद्यार्थी सेवेच्या पदवीवर ते काम मिळणार नाही. ज्याला वसतिगृहे, सल्लागाराचे काम, ओरिएंटेशन, विद्यार्थी संघटना यांत रस आहे त्याने केवळ ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून समुपदेशनाची लांब वाट धरू नये. आणि ज्याचे मन बजेट, धोरण, प्रवेशाचे आकडे, संस्थेचे नियोजन यांत रमते त्याला उच्च शिक्षण प्रशासनाचा अभ्यासक्रम मानवतो. हा निर्णय विद्यापीठांची यादी करण्याआधी व्हायला हवा. नंतर केला तर प्रत्येक विद्यापीठाच्या वेबसाइटवर मत बदलत राहते.

विषयांची यादी पाहताना शीर्षके कमी आणि अनिवार्य क्रेडिट जास्त पाहावीत. विद्यार्थी-विकासाच्या सिद्धांतांना एकच विषय आहे की दोन, कायद्याचा विषय अनिवार्य आहे की ऐच्छिक, मूल्यमापनाच्या विषयात खरी माहिती गोळा करून अहवाल लिहायला लावतात का, यांवरून पुष्कळ कळते. एसीपीए आणि नास्पा यांनी मिळून या पेशाला लागणाऱ्या क्षमता ठरवल्या आहेत; २०१५ च्या आवृत्तीत त्या १० आहेत. त्यांत कायदा-धोरण, मूल्यमापन-संशोधन, सल्ला व आधार, तंत्रज्ञान, सामाजिक न्याय, नेतृत्व यांचा समावेश आहे. विषयांची यादी आणि या दहा क्षमता समोरासमोर ठेवल्या की कुठे भोक आहे ते पंधरा मिनिटांत दिसते.

कायद्याचा विषय हलका धरू नये. नाशिकहून एखाद्या वडिलांचा फोन येतो: ‘आमच्या मुलाचे मार्क कसे आहेत, तेवढं सांगा ना. फी आम्हीच भरतो.’ सल्लागाराला मुलाचे प्रगतिपत्रक समोर स्क्रीनवर दिसत असते, तरी सांगता येत नाही. १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्याने महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा झाला आहे आणि, काही अपवाद सोडले तर, त्याच्या लेखी संमतीशिवाय त्या कुणालाही दाखवता येत नाहीत. वडिलांचा अपमान न करता हे समजावणे आणि मुलाला स्वतः घरी फोन करायला प्रवृत्त करणे हे त्या दिवसाचे काम असते. लिंगभेदाविरुद्धचा १९७२ चा टायटल नाइन, अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा, आणि परिसरातल्या गुन्ह्यांची माहिती जाहीर करायला लावणारा त्याच वर्षीचा क्लेरी कायदा हेही रोजच्या कामात समोर येतात.

कालावधीतही फरक आहे. पूर्णवेळ अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचे असतात. हार्वर्डची शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी मात्र पूर्णवेळ एका शैक्षणिक वर्षात पुरी होते, आणि असे एका वर्षाचे अभ्यासक्रम इतरत्रही आहेत. ऑनलाइन पदव्याही आता बऱ्याच आहेत. ज्याने एखाद्या महाविद्यालयात चार-पाच वर्षे काम केले आहे आणि बढतीसाठी पदवी हवी आहे, त्याला एक वर्षाचा किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरतो. नव्याने येणाऱ्याने मात्र दोन वर्षांचाच घ्यावा. एका वर्षात पहिले सत्र रुळण्यात जाते आणि दुसऱ्यात नोकरीचे अर्ज सुरू होतात. दोन वेगवेगळ्या कार्यालयांत काम करायला सवडच उरत नाही. मोठ्या नावाचा मोह इथे महागात पडतो.

नावाबद्दल आणखी एक गोष्ट. मासिकांत येणारी उच्च शिक्षण प्रशासनाची क्रमवारी मुख्यतः शिक्षणशास्त्र महाविद्यालयांच्या डीन मंडळींच्या मतांवर बेतलेली असते. तिच्यात वर आलेले विभाग संशोधनासाठी आणि पीएचडीसाठी खरोखर नावाजलेले असतात. पण वसतिगृहाच्या संचालकाची पहिली नोकरी देणारी निवड समिती उमेदवाराने कुठे, कुणाच्या हाताखाली, काय काम केले ते आधी पाहते. बोलिंग ग्रीन, आयोवा स्टेट, व्हरमाँट, जॉर्जिया यांसारख्या सरकारी विद्यापीठांची नावे भारतात फारशी कुणी घेत नाही. या पेशातल्या लोकांना ती चांगली माहीत असतात.

म्हणून निवडीचा गाभा असिस्टंटशिप हा आहे. विद्यार्थी सेवेच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमांत विद्यार्थी आठवड्याला साधारण २० तास विद्यापीठाच्या एखाद्या कार्यालयात काम करतो. बदल्यात त्याला शुल्कमाफी आणि मासिक मानधन मिळते. पुण्यातल्या कमवा आणि शिका योजनेची इथे आठवण होईल, पण असिस्टंटशिप ही त्या पेशातली उमेदवारी असते. दोन वर्षांत तिथे जे हाती लागते त्यावरच पहिली नोकरी मिळते.

असिस्टंटशिपचे पत्र ओळ न ओळ वाचावे. समजा, एका पत्रात नऊ महिन्यांसाठी १४,००० डॉलर लिहिले आहेत आणि दुसऱ्यात दहा महिन्यांसाठी ९,००० डॉलर, अधिक वसतिगृहातले छोटे घर आणि मेसचे जेवण. पहिला आकडा मोठा दिसतो. पण महिन्याला ९०० डॉलर भाडे धरले तर दहा महिन्यांचे ९,००० डॉलर तिथेच जातात आणि हातात उरतात ५,०००. तेवढ्यात खाणेपिणे आणि वरचे सगळे भागवायचे. दुसऱ्या पत्रातले ९,००० जवळजवळ पुरे हातात राहतात. पुढे शुल्काची ओळ पाहावी. पूर्ण शुल्क माफ आहे, की राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून घेतात ती वाढीव रक्कमच माफ आहे? किती क्रेडिटपर्यंत माफ आहे, आणि अभ्यासक्रमाला दर सत्रात तेवढीच लागतात का? ‘फी’ या नावाखाली जिम, बस, आरोग्य केंद्र, तंत्रज्ञान यांचे पैसे वेगळे घेतले जातात आणि ते बहुधा माफ होत नाहीत. वर्षाला ही रक्कम हजारांत जाऊ शकते. आरोग्य विमा कुणी भरायचा? उन्हाळ्यात घर सोडावे लागते का? पहिल्या वर्षाची असिस्टंटशिप दुसऱ्या वर्षी आपोआप चालू राहते, की पुन्हा मुलाखत द्यावी लागते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पत्रात बहुतेक वेळा नसते.

वसतिगृहातली असिस्टंटशिप पैशाच्या हिशेबाने सर्वांत उजवी ठरते, पण ती दिवसरात्रीची असते. फेब्रुवारीतली रात्र, अडीच वाजलेले. कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळले आणि आगीचा भोंगा वाजला. तीनशे मुले चपला-स्लीपर घालून, अंगावर घोंगडी ओढून बर्फात उभी. ड्यूटीवरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला अग्निशमन दलाला वाट दाखवायची असते, चाकाच्या खुर्चीतला विद्यार्थी कुठे आहे ते सांगायचे असते, रडत बसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीजवळ कुणाला तरी पाठवायचे असते, आणि सगळे आत गेल्यावर घटनेचा अहवाल लिहायचा असतो. सकाळी नऊला सिद्धांताचा वर्ग असतोच. हे ज्याला झेपते त्याला प्रसंग हाताळणे, कनिष्ठांवर देखरेख आणि अहवाल लिहिणे ही तिन्ही कामे वर्षभरात येतात. इतर कार्यालयांत त्यांना बराच वेळ लागतो. ज्याला रात्रीची झोप हवीच, ज्याच्याबरोबर लहान मूल आहे किंवा तब्येतीची अडचण आहे, त्याने सल्लागार कार्यालय, करिअर केंद्र किंवा ओरिएंटेशन पाहावे, आणि त्यात काही कमीपणा मानू नये. सोबत कुटुंब राहू शकते का, हे मुलाखतीतच विचारावे.

दोन वर्षांतले दुसरे काम पहिल्याहून वेगळे असावे. दोन्ही वर्षे वसतिगृहात काढलेला उमेदवार वसतिगृहाच्याच नोकरीत अडकतो. संस्थेचा प्रकार बदलता आला तर फारच चांगले. मोठ्या निवासी विद्यापीठाजवळ बहुधा एखादे कम्युनिटी कॉलेज असते. तिथे वसतिगृह सहसा नसते आणि विद्यार्थी दिवसा नोकरी करून संध्याकाळी येतात. तिशीतली, दोन मुलांची आई सल्ला मागायला समोर बसली की अठरा वर्षांच्या मुलांवर बेतलेले सिद्धांत किती लागू पडतात, ते कळते.

माणसांची पारख पत्रकावरून होत नाही. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती, त्यांपैकी पदव्युत्तर वर्ग प्रत्यक्ष कोण घेतात, आणि किती विषय विद्यापीठातले अधिकारी संध्याकाळी येऊन शिकवतात, हे विचारावे. दोघांचेही आपले मोल आहे. मात्र सगळेच बाहेरून येणारे असतील तर शिफारसपत्र लिहायला आणि वर्षभर विचारपूस करायला कुणी जागेवर नसते. याहून मोठा प्रश्न असिस्टंटशिपमध्ये ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्या वरिष्ठांचा. ते दर आठवड्याला एकट्याने भेटतात का? या आधीचे विद्यार्थी त्यांच्याबद्दल काय सांगतात? वाईट वरिष्ठाच्या हाताखालची दोन वर्षे उत्तम अभ्यासक्रमावरही पाणी फिरवतात.

बऱ्याच अभ्यासक्रमांत फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलाखतीचे दिवस ठेवतात. परदेशातल्यांसाठी ते व्हिडिओवर होतात. त्या वेळी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी शिक्षकांच्या गैरहजेरीत बोलण्याची संधी आवर्जून मागावी. त्यांना ‘अभ्यासक्रम कसा आहे’ असे विचारले तर ‘छान आहे’ असेच उत्तर येते. आठवड्याला खरोखर किती तास जातात, मागच्या वर्षी तुकडीतून कुणी मध्येच सोडले का आणि का, परदेशी विद्यार्थी किती आहेत, असे नेमके विचारावे. विभागाकडून मागच्या तीन वर्षांतल्या पदवीधरांची पहिली पदे आणि ठिकाणे मागावीत. ‘आमचे बहुतेक विद्यार्थी नोकरीला लागतात’ या वाक्यावर थांबू नये.

२०२३ पासून एक नवी गोष्ट या निवडीत आली आहे. काही राज्यांनी सरकारी विद्यापीठांतली विविधता व समावेशनाची कार्यालये कायद्याने बंद किंवा मर्यादित केली. टेक्सासचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून आणि युटाचा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. ज्याला याच क्षेत्रात काम करायचे आहे त्याने त्या राज्यात अशा असिस्टंटशिप उरल्या आहेत का, त्यांचे नाव आणि स्वरूप काय झाले, हे विद्यापीठाला थेट विचारावे. जुन्या वेबपानांवरची माहिती इथे चालत नाही.

पैशाबाबत स्पष्ट बोललेले बरे. या पेशात सुरुवातीचा पगार संगणक क्षेत्राच्या तुलनेत पुष्कळ कमी असतो. त्यामुळे मोठे कर्ज काढून ही पदवी घेणे शहाणपणाचे नाही. असिस्टंटशिपशिवाय मिळालेला प्रवेश, विद्यापीठ कितीही नामांकित असले तरी, नाकारण्याच्या तयारीने वाचावा. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी एक आधार आहे: सरकारी आणि ना-नफा महाविद्यालयांत नोकरी करताना १२० पात्र हप्ते भरले की उरलेले केंद्रीय शैक्षणिक कर्ज माफ होण्याची योजना २००७ पासून आहे. मात्र २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ हे पदव्युत्तर शिक्षणाचे केंद्रीय कर्ज १ जुलै २०२६ पासून बंद होते आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० व एकूण १,००,००० डॉलरचीच मर्यादा राहते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ही केंद्रीय कर्जे मुळात मिळतच नाहीत.

महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेली अनेक मुले या पेशात अवचित येतात. इंजिनिअरिंगचे एमएस करताना ऑन-कॅम्पस जॉब म्हणून वसतिगृहात किंवा परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात काम मिळते, आणि लक्षात येते, की कोडपेक्षा माणसांत जास्त जीव रमतो. हा कौल खरा असू शकतो, आणि घरच्यांनीही तो मोडून काढू नये. पण वाट बदलण्याआधी व्हिसाचा हिशेब समजून घेतला पाहिजे. एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येते, म्हणजे असिस्टंटशिपने ती मर्यादा पुरी भरते. वर एखादा तासही घेता येत नाही. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयातल्या कामाच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. एमएसवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मुदतवाढ विद्यार्थी सेवेच्या किंवा उच्च शिक्षण प्रशासनाच्या पदवीला मिळत नाही. शिक्षणशास्त्रातले काही मोजके विषय, उदाहरणार्थ शैक्षणिक तंत्रज्ञान किंवा शैक्षणिक मूल्यमापन व संशोधन, स्टेम यादीत आहेत. ज्याला मूल्यमापनातच करिअर करायचे आहे त्याने तो पर्याय जरूर तपासावा. केवळ दोन वर्षे जास्त मिळावीत म्हणून नावडता विषय घेऊ नये.

दुसरी बाजू अशी, की विद्यापीठे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक ८५,००० च्या मर्यादेबाहेर आहेत. त्यांना लॉटरीतून जावे लागत नाही आणि अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो. पण मोकळीक आहे म्हणून प्रत्येक विद्यापीठ ती वापरतेच असे नाही. हॉल डायरेक्टरसारख्या सुरुवातीच्या जागांसाठी अनेक विद्यापीठे स्पॉन्सरशिप देत नाहीत. त्यात सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचा भार टाकला. हे नियम बदलत असतात. ताजी स्थिती विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडूनच घ्यावी. विभागाला मात्र एक प्रश्न जरूर विचारावा: तुमच्या गेल्या काही तुकड्यांतल्या एफ-१ विद्यार्थ्यांपैकी कुणाला अमेरिकेत नोकरी टिकवता आली आणि कोणत्या संस्थेने स्पॉन्सर केले?

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथे एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीधारकाच्या जोडीदार म्हणून, राहणाऱ्या अनेक मराठी स्त्रियांनाही हा मार्ग खुला आहे. एच-४ वर शिकता येते. असिस्टंटशिप ही मात्र नोकरी ठरते, आणि त्यासाठी स्वतःचा कामाचा परवाना लागतो. तो २०१५ च्या नियमानुसार काही विशिष्ट एच-४ धारकांनाच मिळतो. तो नसेल तर एफ-१ मध्ये बदल करून घ्यावा लागतो, किंवा असिस्टंटशिपशिवाय थोडे-थोडे क्रेडिट घेत शिकावे लागते. काही राज्यांत एच-४ धारकाला त्या राज्याच्या रहिवाशाचे कमी शुल्क लागते, त्यामुळे जवळचे सरकारी विद्यापीठ आधी पाहावे. घर, मुलांची शाळा आणि ३०० तासांचे प्रत्यक्ष काम यांचा मेळ बसवायला संध्याकाळचे वर्ग असलेला अभ्यासक्रम सोयीचा पडतो.

पदवी घेऊन भारतात परतायचे असेल तर अपेक्षा मापात ठेवावी. आयआयटींपासून खासगी विद्यापीठांपर्यंत ‘डीन, स्टुडंट अफेअर्स’ ही पदे आहेत, पण ती बहुतांशी प्राध्यापकांकडे असतात. या पदवीवर थेट तिथे नेमणूक होत नाही. परदेशी विद्यार्थ्यांची कार्यालये, करिअर केंद्रे, निवासी खासगी विद्यापीठांतली वसतिगृह व्यवस्था इथे या शिक्षणाचा उपयोग होतो.

अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत जातात. एसओपीमध्ये लहानपणापासूनच्या ध्येयाऐवजी एका विद्यार्थ्याला प्रत्यक्ष केलेली मदत लिहावी. एनएसएसचे शिबिर, वसतिगृहाच्या मेसचा तंटा किंवा पहिल्या पिढीतल्या मुलाला भरून दिलेला शिष्यवृत्तीचा अर्ज, यांतले काहीही चालते. शिफारसपत्रांपैकी एक तरी अशा माणसाचे असावे, ज्याने उमेदवाराला विद्यार्थ्यांमध्ये काम करताना पाहिले आहे.

निर्णयाची तारीख १५ एप्रिल. अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केली आहे, त्यांच्या आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला त्याआधी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नाही. काही कार्यालये मार्चमध्येच ‘तीन दिवसांत कळवा’ असे पत्र पाठवतात. तेव्हा या ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे मुदत मागावी. फोनवर मिळालेले प्रत्येक आश्वासन, मग ते घराचे असो, उन्हाळ्याचे असो की दुसऱ्या वर्षाचे, ईमेलवर लिहून घ्यावे आणि ते हाती आल्यावरच होकार कळवावा.